संचालक महोदय, सॉफ्टवेअरमधल्या सुट्या भागांची यादी मागा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळे,
मुंबई उपनगरांतील सर्व नागरी सहकारी बँका



३१ जुलै २०२४. बुधवार, महिन्याचा शेवटचा दिवस, पगार-पेन्शनचे दिवस. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एनपीसीआयने त्या दिवशी निवेदन काढले. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता आहे, म्हणून तिला किरकोळ पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरते वेगळे केले आहे, असे त्यात म्हटले होते. सी-एज ही टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतली कंपनी. सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणे हे तिचे काम. ती वेगळी होताच देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक यूपीआयपासून तुटले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्यामुळे बातमीही लवकर मागे पडली.

ती मागे पडू नये, म्हणून हे पत्र.

मी मुलुंडला राहते, अंधेरी पूर्वेला सीप्झच्या परिसरात सॉफ्टवेअर लिहिते. नोकरीची बहुतेक वर्षे बँका आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांत गेली. घरच्यांच्या ठेवी सहकारी बँकेत आहेत आणि तिथेच राहाव्यात अशी इच्छा आहे. आपल्या भागाला बँकेचे दार बंद होण्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर आले. दोन्ही प्रकरणे आर्थिक गैरव्यवहाराची होती, सॉफ्टवेअरचा त्यात दोष नव्हता. पण घाटकोपरच्या भाजी मार्केटमध्ये ज्याचे यूपीआय चालत नाही, त्याला कारणातला हा फरक दिसत नाही. 'बँकेत काहीतरी झालंय' एवढेच त्याच्या मनात येते, आणि ती शंका एकदा पसरली की संचालक मंडळाचे खुलासे मागून धावत राहतात.

आता सी-एजवरच्या त्या हल्ल्याच्या मुळाशी जाऊ. सायबर सुरक्षेत काम करणाऱ्या क्लाउडसेक या कंपनीने लगेचच आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार सुरुवात सी-एजमध्ये झालीच नाही. तिच्याबरोबर काम करणाऱ्या ब्रॉन्टू टेक्नॉलॉजी सोल्युशन्स या कंपनीच्या एका नीट न बसवलेल्या जेनकिन्स सर्व्हरवर ती झाली. जेनकिन्स हे आम्हा प्रोग्रामरांचे रोजचे साधन आहे. लिहिलेला कोड गोळा करायचा, तपासायचा, त्याची पक्की प्रत बनवून सर्व्हरवर चढवायची, ही कामे ते आपोआप करते. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळते आणि चांगले चालते. मोठ्या कंपन्यांपासून चार माणसांच्या कार्यालयापर्यंत सगळे ते वापरतात.

या जेनकिन्सला ओळ टंकून आज्ञा देता येते. ती ओळ वाचून तिचे तुकडे पाडायचे काम जेनकिन्सने स्वतः न लिहिता आर्ग्सफोरजे नावाच्या एका छोट्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या तुकड्यावर, सोपवले आहे. त्या लायब्ररीत एक सोय आहे. आज्ञेतल्या एखाद्या शब्दाच्या जागी '@' हे चिन्ह आणि त्यापुढे फाइलचा पत्ता लिहिला, की लायब्ररी ती फाइल उघडते आणि आतला मजकूर त्या जागी आणून ठेवते. लांबलचक आज्ञा पुन्हा पुन्हा टंकावी लागू नये, एवढाच तिचा हेतू. ही सोय मुळातच चालू असते आणि जेनकिन्सने ती बंद केलेली नव्हती. परिणाम असा, की बाहेरच्या कुणीही लॉगिन न करता '@' लावून सर्व्हरवरच्या एखाद्या फाइलचा पत्ता पाठवला, तर 'ही आज्ञा चुकीची आहे' असे सांगताना जेनकिन्स त्या फाइलच्या पहिल्या काही ओळी त्याच्या हाती देई. ज्याला साधी वाचण्याची परवानगी होती, त्याला तर अख्खी फाइल मिळे. अशा सर्व्हरवरच्या फाइलींत पासवर्ड असतात आणि पुढच्या यंत्रणांच्या डिजिटल किल्ल्याही असतात.

ही त्रुटी जेनकिन्सने २४ जानेवारी २०२४ रोजी स्वतः जाहीर केली. क्रमांक सीव्हीई-२०२४-२३८९७. दुरुस्त केलेली आवृत्तीही त्याच दिवशी दिली, तीही विनामूल्य. अहवालानुसार हल्ल्यात हीच त्रुटी वापरली गेली. म्हणजे दुरुस्ती उपलब्ध होऊन सहा महिने उलटले होते. आर्ग्सफोरजे आणि जेनकिन्स या दोन्हींचा मूळ लेखक एकच आहे, कोह्सुके कावागुची. एकाच माणसाने सुरू केलेल्या दोन गोष्टींच्या सांध्यात अशी फट राहू शकते, तर जिथे शेकडो अनोळखी लोकांनी लिहिलेले तुकडे एकत्र येतात तिथे काय होत असेल, याचा विचार संचालक मंडळाने एकदा शांतपणे करावा.

कारण तुमच्या बँकेचे सॉफ्टवेअर असेच बनलेले आहे. व्हेंडर ज्याला 'आमचे प्रॉडक्ट' म्हणतो, त्यात त्याच्या माणसांनी स्वतः लिहिलेला भाग थोडा असतो. तारखांचा हिशोब, एन्क्रिप्शन, डेटाबेसशी बोलणे, ओटीपीचा मेसेज, क्यूआर कोडचे चित्र, एक्सेलचा रिपोर्ट, या सगळ्यासाठी तयार लायब्रऱ्या असतात आणि त्या वापरायलाच हव्यात. एन्क्रिप्शन घरी लिहिणारा प्रोग्रामर धाडसी नसतो, धोकादायक असतो. तेव्हा परकी लायब्ररी वापरली ही माझी तक्रार नाही. ती वापरल्याची नोंद कुठे नाही आणि पुढे तिच्याकडे पाहण्याची जबाबदारी कुणाची नाही, ही आहे.

खातेउताऱ्याचे उदाहरण घ्या, ते मला जवळून ठाऊक आहे. ग्राहकाला पीडीएफ उतारा द्यायचा म्हणून प्रोग्रामर जॅस्पररिपोर्ट्स ही लायब्ररी जोडतो. एका फाइलीत दोन-चार ओळी लिहायच्या, की झाले. पण जॅस्पररिपोर्ट्स एकटी येत नाही. पीडीएफ तयार करायला तिला आणखी एक लायब्ररी लागते आणि कित्येक वर्षे ती आयटेक्स्ट २.१.७ होती, जॅस्परसॉफ्टने थोडीफार डागडुजी केलेली. प्रोग्रामरने आयटेक्स्ट मागितलेली नसते. ती मागून येते आणि प्रकल्पात राहते. हीच जुनी आवृत्ती का? कारण २००९ च्या अखेरीस आयटेक्स्टने ५.० पासून परवाना बदलला. आधीच्या आवृत्त्या व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये सहज वापरता येत. नंतरच्या वापरायच्या तर आपला कोड खुला करा किंवा पैसे भरून परवाना घ्या, असा नियम आला. त्यामुळे असंख्य प्रकल्प जुन्या आवृत्तीवरच थांबले. २०१७ मध्ये आयटेक्स्टच्या ५.५.१२ पूर्वीच्या आवृत्त्यांतली एक सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली, पण थांबलेल्यांना पुढे जाण्याचा सरळ रस्ता उरला नव्हता.

याच जुन्या आवृत्तीला देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, 'क्ष' आणि 'त्र' फुटतात. मराठी उतारा मागणाऱ्या ग्राहकाला 'आमच्या सिस्टीममध्ये फक्त इंग्लिशच येतं' असे काउंटरवर सांगितले जाते, त्यामागे बऱ्याचदा असा एखादा तुकडा असतो. परवाना, सुरक्षा आणि मातृभाषा अशा तीन प्रश्नांची गाठ एका पीडीएफ लायब्ररीत पडलेली असते, आणि तिचे नाव बँकेत कुणी ऐकलेलेही नसते.

नाव माहीत असणे किती मोलाचे असते, ते डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या जगाला कळले. लॉगफोरजे ही जावातल्या नोंदी लिहून ठेवणारी लायब्ररी. अपाचे संस्थेखाली मूठभर स्वयंसेवक ती सांभाळत होते आणि जगभरच्या बँका, विमानकंपन्या, सरकारे ती वापरत होती. २०१३ मध्ये तिच्यात घातलेली एक सोय अशी निघाली, की लॉगिनच्या रकान्यात एक विशिष्ट ओळ टंकली तर सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवू लागे. धोक्याचे गुणांकन १० पैकी १०. त्या महिन्यात २.१५ आली, ती अपुरी म्हणून २.१६, मग २.१७, शेवटी २.१७.१. लायब्ररी बदलायला फारसा वेळ लागत नव्हता. आपल्या कोणकोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ती लपली आहे, हे शोधण्यात रात्री गेल्या. कुणी सर्व्हरवरच्या फाइलींची नावे चाळत होते, कुणी व्हेंडरला फोन लावत होते, आणि तो व्हेंडर पुढे त्याच्या व्हेंडरला.

त्याच काळात एक घातक समाधान आमच्या क्षेत्रात पसरले: 'आम्ही अजून लॉगफोरजे १ वर आहोत, म्हणून वाचलो.' पहिल्या मालिकेत ही विशिष्ट त्रुटी नव्हती, हे खरे. पण त्या मालिकेची देखभाल ५ ऑगस्ट २०१५ रोजीच बंद झाली होती. तिच्यात पुढे काही सापडले तर दुरुस्त करायला कुणीही बसलेले नव्हते. जुने ते सुरक्षित हा समज तेव्हापासून अनेक कार्यालयांत घट्ट झाला. तो खोडून काढायला हवा.

यावर तुमच्यापैकी अनेकांचे उत्तर मला माहीत आहे: 'आमचं दरवर्षी व्हॅप्ट होतं, सर्टिफिकेट आहे.' सुरक्षेची ही चाचणी होते, ते चांगलेच आहे. पण त्या तपासणीत सहसा बाहेरून दारे-खिडक्या ठोकून पाहतात. आतल्या जार फाइलींची, म्हणजे लायब्रऱ्यांची, नावे, त्यांच्या आवृत्त्या आणि त्या कुणाच्या मागून आल्या, याची यादी त्या अहवालात क्वचितच असते. इमारतीला ३० वर्षे झाली की महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे सोसायटीला स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. तुमच्यातले कित्येक जण आपापल्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत. तिथे रंग चांगला आहे म्हणून इंजिनिअर सही करत नाही, कॉलमच्या आतले काँक्रीट आणि सळई तपासतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही तेवढेच मागते आहे.

मग प्रोग्रामर ही यादी आणि अपग्रेड स्वतःहून का करत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुमच्या सहीच्या करारात आहे. पुढच्या रिलीजमध्ये काय काय घ्यायचे, ते ठरवणाऱ्या बैठकांत मी वर्षानुवर्षे बसले आहे. यादीत कर्जाचा नवा अर्ज असतो, मिस्ड कॉलवर शिल्लक असते, वर्धापनदिनाआधी हवे असलेले नवे मोबाइल अ‍ॅप असते. खाली कुठेतरी एखाद्या इंजिनिअरने लिहिलेले असते: लायब्रऱ्या अपग्रेड. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, 'यात बँकेला नवीन काय दिसणार?' उत्तर असते, काहीच नाही. ती ओळ पुढच्या तिमाहीत जाते आणि तिथून त्याच्या पुढच्या. मी काम केलेल्या एका प्रकल्पात ती ओळ इतकी पुढे ढकलली गेली, की ती लिहिणारा मुलगा कंपनी सोडून गेला आणि नव्या आलेल्याला ती कशाबद्दल होती हेच समजेना. व्हेंडरच्या व्यवस्थापकाला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याला पैसे सीआरचे मिळतात, म्हणजे बँकेने मागितलेल्या प्रत्येक बदलाचे. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, रकमेत चालू यंत्रणा बंद पडू न देणे एवढेच धरलेले असते. निविदेत सगळ्यात कमी दर लावणाऱ्याला काम मिळते आणि दर कमी करायचा तर जे दिसत नाही तेच आधी कापले जाते.

आणि अपग्रेड म्हणजे आकडा बदलून बटण दाबणे नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. स्प्रिंग बूट नावाच्या चौकटीवर बँकांचे बरेच सॉफ्टवेअर उभे आहे. तिच्या २.७ या आवृत्तीची मोफत देखभाल नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली. पुढच्या ३ वर जायचे तर जावा किमान १७ हवे. शिवाय 'जावाएक्स' नावाने सुरू होणारे अनेक संदर्भ 'जकार्ता' झाले, ते हजारो फाइलींत बदलायचे. त्यामुळे एखादी जुनी लायब्ररी चालेनाशी होते, तिला पर्याय शोधायचा. मग सगळ्याची पुन्हा तपासणी: दिवसअखेर, व्याज आकारणी, क्लिअरिंग, मुदत ठेवींचे नूतनीकरण. महिनोन्महिने काम चालते. हे दरवर्षी थोडे थोडे केले असते तर सोसले असते. आठ वर्षे साचू दिले की कुणाचीच हात लावायची हिंमत होत नाही, आणि 'चालतंय ना, मग कशाला छेडायचं' हे धोरण बनून जाते.

उलट बाजूही आहे. नवीन आवृत्ती आली की त्याच दिवशी चढवा, असा माझा आग्रह मुळीच नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या यंत्रावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला. तो खोदत गेला तेव्हा एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो पेरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ सज्जन मदतनीसाचे सोंग घेऊन, थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. ८ सप्टेंबर २०२५ रोजी चॉक आणि डीबगसह १८ जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या देखभालकर्त्याला खोटा ईमेल पाठवून त्याचे खाते बळकावले गेले आणि त्यांच्या नव्या आवृत्त्यांत क्रिप्टो चोरणारा कोड मिसळला गेला. ही पॅकेजेस मिळून आठवड्याला २०० कोटींहून अधिक वेळा उतरवली जात होती. काही तासांत प्रकार उघडकीस आला. त्या काही तासांत ज्यांच्या यंत्रणेने आपोआप ताजी आवृत्ती ओढली, ते सापडले. ज्यांनी लॉक फाइलमध्ये आवृत्त्या नक्की करून ठेवल्या होत्या आणि नवे काही घेण्याआधी थोडे थांबायची पद्धत ठेवली होती, त्यांचे काही बिघडले नाही.

म्हणून हे काम एखाद्या टूलवर ढकलून चालत नाही. गंभीर त्रुटीची दुरुस्ती ताबडतोब घ्यायची, बाकीचे ठरावीक दिवस थांबून, तपासून घ्यायचे, आणि ज्या लायब्ररीमागे आता कुणीच उरलेले नाही तिला वेळेत पर्याय शोधायचा. यादी करायला, नव्या त्रुटींची सूचना द्यायला चांगली साधने आहेत आणि त्यांतली बरीच मोफत आहेत. निर्णय मात्र माणसाचा, आणि त्या माणसाला वेळ व अधिकार देणे हे पैसे देणाऱ्याच्या हातात आहे.

नियमांचे काय, असे तुम्ही विचाराल. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार पायऱ्यांची चौकट दिली. १० एप्रिल २०२३ रोजी आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबतचे निर्देश दिले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बाहेर जात नाही, हे त्यात स्वच्छ लिहिले होते. पण ते निर्देश टियर १ आणि टियर २ च्या नागरी सहकारी बँकांना लागू केले नव्हते, म्हणजे ढोबळमानाने १,००० कोटी रुपयांपर्यंत ठेवी असलेल्यांना. छोट्या बँकांवर भार पडू नये हा हेतू मला कळतो. अडचण अशी, की स्वतःचा आयटी विभाग नसल्याने एकाच सामायिक व्हेंडरवर सर्वाधिक अवलंबून असलेल्या बँका याच आहेत.

सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, कशी असावी याची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जुलै २०२५ मध्ये ती वाढवली. सेबीने २० ऑगस्ट २०२४ च्या सायबर चौकटीत आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना महत्त्वाच्या सॉफ्टवेअरसाठी अशी यादी ठेवायला सांगितले. यादीचे ठरलेले नमुने आहेत, एसपीडीएक्स आणि सायक्लोनडीएक्स. अंधेरी-पवईत बसून शेअर दलालांना सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपन्यांना आता ही यादी करावीच लागते. ती तयार करण्याचे तंत्र उपनगरात आहे, माणसे आहेत. मागणाऱ्याला ती मिळेल. तुम्ही मागत नाही, म्हणून तुम्हाला मिळत नाही.

आता माझे मागणे. कोअर बँकिंग, मोबाइल अ‍ॅप, नेटबँकिंग, एटीएम स्विच, यातल्या प्रत्येक व्हेंडरकडून प्रत्येक रिलीजबरोबर घटकांची यादी लेखी घ्या, मागून आलेल्या लायब्रऱ्यांसकट. फक्त त्यांच्या प्रॉडक्टची यादी घेऊन थांबू नका. ज्या साधनांनी ते बनवले आणि चढवले जाते, त्यांचीही घ्या, कारण जेनकिन्स प्रॉडक्टमध्ये नव्हते, कारखान्यात होते. व्हेंडरने काम पुढे कुणाला दिले आहे तेही त्यात हवे. यादी आली की ती कपाटात जाऊ नये म्हणून बँकेतल्या एका अधिकाऱ्याचे नाव ठरवा. लहान बँकेला स्वतंत्र माणूस परवडत नसेल तर चार बँकांनी मिळून एक नेमावा. करारात मुदत घाला. माझ्या मते जाहीर झालेली अतिगंभीर त्रुटी ७ दिवसांत आणि गंभीर त्रुटी ३० दिवसांत दुरुस्त व्हावी. जमत नसेल तर व्हेंडरने कारण आणि तात्पुरता बंदोबस्त लेखी द्यावा. आणि त्या कामाचे पैसे द्या. वर्षाच्या आयटी खर्चात 'लायब्ररी अपग्रेड व पुनर्तपासणी' हे शीर्ष वेगळे ठेवा, म्हणजे त्या बैठकीतल्या शेवटच्या ओळीला पहिल्यांदाच किंमत येईल. मुदत घालायची आणि पैसे द्यायचे नाहीत, असे केलेत तर व्हेंडर कागदावर सगळे पूर्ण दाखवेल आणि सर्व्हरवर जुनेच राहील.

नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था एनयूसीएफडीसी मार्च २०२४ पासून कामाला लागली आहे. छोट्या बँकांना सामायिक तंत्रज्ञान पुरवणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. तुम्ही तिचे सभासद असाल, तर ती जे काही सामायिक सॉफ्टवेअर देईल त्याची घटकयादी सर्व सभासद बँकांना पाहता यावी, असा आग्रह धरा. सामायिक व्यवस्थेचा फायदा मोठा आहे, पण ३१ जुलैने दाखवल्याप्रमाणे तिच्यातली एक फट ३०० बँकांची असते.

एक शेवटचे मागणे, आणि ते पैशांचे आहे. या लायब्रऱ्या लिहिणारे, सांभाळणारे लोक बहुधा नोकरी करून रात्री जागणारे असतात. बंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी सुरू केला. एका बँकेला एवढे जमणार नाही. पण उपनगरातल्या बँकांनी मिळून, आपण ज्यांवर उभे आहोत अशा दोन-तीन लायब्रऱ्यांना दरवर्षी थोडी रक्कम दिली, त्यातली एक देवनागरी नीट छापणारी असली, तर ते दान ठरणार नाही. तो आपल्याच व्यवसायाचा खर्च आहे. सहकार हा शब्द बँकेच्या पाटीवर आहेच.

संचालक मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या: 'आपल्या सॉफ्टवेअरमधील बाह्य घटकांची यादी व त्यांची आजची स्थिती.' व्हेंडरला त्या सभेला बोलवा आणि तीन गोष्टी विचारा. यादी कुठे आहे? तिच्यातल्या कोणत्या घटकांची देखभाल बंद झाली आहे? ते कधी बदलणार? सप्टेंबरअखेर तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. सभासद म्हणून मी माझ्या बँकेच्या सभेत हा प्रश्न लेखी देणार आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक सभासदाने आपापल्या बँकेत तो द्यावा, अशी विनंती करते.

आपली विश्वासू,
सीप्झ परिसरातील एक सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि सहकारी बँकेची सभासद,
मुलुंड पूर्व